‘स्टँड बाय’ : जवळ उभे राहण्याचे अर्थ आणि मराठी प्रतिशब्दांचा प्रश्न

प्रास्ताविक

इंग्रजी वाक्प्रचारांचे अध्यापन पदवी स्तरावर बहुधा एका ठरावीक साच्यातून होते. वाक्प्रचार, त्याचा अर्थ आणि वाक्यात उपयोग असे तीन रकाने आखले जातात, विद्यार्थी ते पाठ करतो आणि परीक्षेत त्याला दोन गुण मिळतात. बऱ्याच वाक्प्रचारांच्या बाबतीत या पद्धतीने फारसे नुकसान होत नाही. परंतु काही वाक्प्रचार असे असतात की त्यांच्यापुढे एकच अर्थ लिहिला तर तो अपुरा तर ठरतोच, प्रसंगी मूळ अर्थाच्या नेमका उलटही ठरतो. जवळ थांबणे, आसपास राहणे ही कल्पना व्यक्त करणारा ‘स्टँड बाय’ हा त्यांपैकी एक होय.

‘द पोलीस स्टूड बाय’ हे तीन-चार शब्दांचे वाक्य घेतले तरी अडचण लक्षात येते. ‘पोलीस सज्ज होते’ असा त्याचा अनुवाद करता येतो. ‘पोलीस नुसते बघत राहिले’ असाही करता येतो. पहिल्या अनुवादात पोलिसांचे कौतुक आहे, दुसऱ्यात त्यांच्यावर आरोप आहे. मूळ वाक्यात शब्द मात्र तेच. एखाद्या दंगलीच्या चौकशी अहवालात असे वाक्य आले तर अनुवादकाच्या निवडीवर काय अवलंबून राहील हे वेगळे सांगावयास नको. संदर्भ पाहून अर्थ ठरवावा हे उत्तर बरोबर आहे, पण पुरेसे नाही. संदर्भ पाहूनही ज्याचा अर्थ ठरत नाही असा या वाक्प्रचाराचा एक वापर अलीकडेच जगाने पाहिला आहे, त्याचा विचार पुढे केला आहे. एकाच शब्दबंधात आधार देणारा आणि बघ्या हे दोघे कसे मावतात, आणि मराठीने या दोघांना वेगळे कसे ठेवले आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘बाय’ या शब्दाचे मौन

जवळ राहण्यासाठी इंग्रजीत अनेक बोलीप्रयोग आहेत. ‘स्टिक अराउंड’ म्हणजे चिकटून राहणे, ‘हँग अराउंड’ म्हणजे लोंबकळत राहणे. हे दोन्ही सैलसर, अमेरिकन वळणाचे प्रयोग असून त्यांतील क्रियापदेच पुरेशी बोलकी आहेत. पहिल्याला मराठीत ‘थांब जरा, लगेच जाऊ नकोस’ एवढे म्हटले की भागते. दुसऱ्यासाठी ‘घुटमळणे’, ‘रेंगाळणे’ असे नेमके शब्द आहेत. त्यांची चर्चा लांबवण्याचे कारण नाही. ‘स्टँड बाय’मधील क्रियापद मात्र साधे उभे राहण्याचे आहे आणि सोबतचा ‘बाय’ केवळ सान्निध्य दाखवतो. तो कोणत्या बाजूचे सान्निध्य हे सांगत नाही, कशासाठी हेही सांगत नाही. उभा राहिलेला माणूस पुढे काय करणार आहे याविषयी तर तो पूर्ण मौन बाळगतो.

या मौनातूनच या वाक्प्रचाराचे चार प्रमुख अर्थ निघाले आहेत. संकटात एखाद्याची साथ न सोडणे हा एक. हाक येताच कामाला लागता येईल अशा तयारीत राहणे हा दुसरा. काही न करता पाहत राहणे हा तिसरा. आपल्याच विधानापासून मागे न हटणे हा चौथा. मराठी वृत्तपत्रे या चौथ्या अर्थासाठी ‘भूमिकेवर ठाम’ असे लिहितात आणि ते योग्यच आहे. चारही अर्थांत देहाची स्थिती तीच आहे, माणूस जवळ उभा आहे. बदलतो तो त्याचा हेतू, आणि हेतू शब्दात नाही.

येथे भाषाशास्त्राच्या अंगाने एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. इंग्रजी ‘स्टँड’ आणि संस्कृत ‘स्था’ यांचे मूळ एकच आहे. इंग्रजीने ज्याप्रमाणे या धातूला ‘बाय’ जोडला त्याप्रमाणे संस्कृतने ‘उप’ हा उपसर्ग जोडला. ‘उप’ म्हणजे जवळ. ‘उपस्थित’ म्हणजे शब्दशः जवळ उभा राहिलेला. वर्गात दररोज घेतली जाणारी उपस्थिती म्हणजे घटकाघटकाने पाहिले तर ‘स्टँड बाय’च होय. परंतु संस्कृतात या सान्निध्याला आदराची आणि सेवेची छटा मिळाली. संध्येतील सूर्योपस्थान म्हणजे सूर्यासमोर उभे राहून केलेली उपासना, आणि ‘उपासना’ म्हणजेही जवळ बसणेच. जवळ असूनही ज्याचा संबंध नाही अशासाठी त्याच धातूपासून अगदी वेगळा शब्द तयार झाला, तो म्हणजे ‘तटस्थ’. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. नदीत माणूस बुडत असो की पोहत असो, हा काठावर आहे. दोन पक्षांच्या मध्ये उभा राहणारा तो ‘मध्यस्थ’. कोण कोठे उभा आहे हे मराठीला वारशाने मिळालेले हे शब्द उच्चारताक्षणीच सांगून टाकतात, आणि ती जागा कळली की त्या माणसाकडून काय अपेक्षा करावयाची हेही बरेचसे कळते.

युरोपीय भाषांनीही ही संदिग्धता आपापल्या परीने हाताळली आहे. जर्मन भाषेतील याच घडणीचे क्रियापद, ‘बायश्टेएन’, मदत करणे याच अर्थाने रूढ आहे. लॅटिनमधील ‘जवळ उभे राहणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून फ्रेंच ‘असिस्ते’ आले. त्याला व्यक्ती हे कर्म जोडले तर अर्थ मदत करणे असा होतो आणि समारंभाशी ते विशिष्ट शब्दयोगाने जोडले तर नुसते हजर असणे असा होतो. म्हणजे फ्रेंचने भेद व्याकरणावर सोपवला. त्याच लॅटिन मुळातून इंग्रजी ‘असिस्टंट’ निघाला, तेव्हा असिस्टंट प्रोफेसर हे पद व्युत्पत्तीने जवळ उभ्या राहणाऱ्याचे आहे. मराठीतील ‘सहायक’ मात्र उभा राहत नाही. ‘सहाय’ म्हणजे बरोबर जाणारा. पदनामाच्या या अनुवादात नकळत एक पायरी वर चढली गेली आहे, हे सहायकांनी जाणून असावे.

आज्ञा म्हणून ‘स्टँड बाय’

तयारीत राहण्याचा अर्थ समुद्रावर घडला. सतराव्या शतकापासून इंग्रज खलाशांत ही आज्ञा म्हणून वापरात आहे. पुढचा हुकूम येणार आहे, आपापल्या दोरापाशी उभे राहा, असा तिचा आशय. वाफेच्या जहाजांवर कप्तानाच्या कक्षातून इंजिनघराला हुकूम पोचवणारे जे टेलिग्राफ यंत्र असे, त्याच्या तबकडीवर ‘स्टॉप’ आणि ‘स्टँड बाय’ अशा दोन स्वतंत्र खुणा असत. या दोहोंतील फरक मोठा आहे. ‘स्टॉप’ हा हुकूम इंजिनाला आहे, ‘स्टँड बाय’ हा माणसांना आहे. इंजिन बंद असले तरी कोणी जागा सोडावयाची नाही. काम पूर्ण संपले की तिसरी खूण येई, तिचा अर्थ आता इंजिनाचे काम नाही. इंग्रजी रंगभूमीवर आजही प्रयोग-व्यवस्थापक प्रकाशयोजनेतील बदलाआधी ‘स्टँड बाय’ म्हणतो आणि नेमक्या क्षणी ‘गो’ म्हणतो. पहिल्या शब्दावर कोणी काही करावयाचे नसते, परंतु पहिला शब्द आला नाही तर दुसरा निरुपयोगी ठरतो.

या अर्थाने हा शब्द मराठीत चांगलाच रुळला आहे. रुग्णवाहिका स्टँडबाय असते, जनरेटर स्टँडबाय असतो. निवडणुकीच्या कामावर गेलेल्या प्राध्यापकांना ‘राखीव’ या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही. अर्थशास्त्रातही तो आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १९५२ मध्ये ‘स्टँड-बाय अरेंजमेंट’ ही पद्धत सुरू केली. गरज पडल्यास ठरलेल्या मर्यादेपर्यंत आणि ठरलेल्या अटींवर रक्कम उचलता यावी अशी ती सोय. १९९१ च्या परकीय चलनाच्या संकटात भारताने तिचा आधार घेतला. पैसा येथे ‘जवळ उभा’ आहे, तो हातात नाही, आणि त्या उभे राहण्याला अटी आहेत. शब्दाची ही बाजू मराठी वाचकाला सहज समजते.

अडचण येते ती आज्ञा कोण कोणाला देतो आहे हे स्पष्ट नसते तेव्हा. २९ सप्टेंबर २०२० रोजी क्लीव्हलंड येथे अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांची पहिली जाहीर वादचर्चा झाली. सूत्रसंचालक ख्रिस वॉलेस यांनी तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना विचारले की, गौरवर्णीय वर्चस्ववादी आणि सशस्त्र गटांचा ते निषेध करतील काय आणि त्यांना ‘स्टँड डाउन’ असे सांगतील काय. जो बायडेन यांनी ‘प्राउड बॉइज’ या गटाचे नाव घेतले. ट्रम्प यांनी त्या गटाला उद्देशून जे शब्द वापरले ते होते ‘स्टँड बॅक अँड स्टँड बाय’.

प्रश्नातील क्रियापद आणि उत्तरातील क्रियापद यांचा मेळ पाहिला पाहिजे. ‘स्टँड डाउन’ आणि ‘स्टँड बाय’ हे दोन्ही सैनिकी परिभाषेतील प्रयोग असून ते परस्परविरोधी आहेत. पहिल्याने कर्तव्य संपते, शस्त्रे ठेवली जातात, माणसे पांगतात. दुसऱ्याने कर्तव्य सुरू होण्याच्या बेतात आहे असे सूचित होते. विचारला गेला होता पहिला शब्द, आला दुसरा. शिवाय उत्तरातच दोन दिशा होत्या. ‘बॅक’ म्हणजे मागे, दूर, तर ‘बाय’ म्हणजे जवळ. ज्याला निषेध ऐकावयाचा होता त्याने ‘बॅक’ ऐकावे आणि ज्याला आदेश ऐकावयाचा होता त्याने ‘बाय’ ऐकावे, अशी सोय त्या वाक्यात झाली होती. ती हेतुतः झाली की बोलण्याच्या ओघात झाली हा राजकीय वादाचा भाग आहे, भाषेच्या अभ्यासकाला त्याचा निकाल देण्याचे कारण नाही. शब्दांचे पुढे काय झाले हे मात्र नोंदलेले आहे. त्या गटाच्या लोकांनी ते शब्द लगेच आपल्या बोधचिन्हासोबत मिरवले. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांनी हा गट कोण हे आपल्याला ठाऊक नाही असे सांगून त्यांनी ‘स्टँड डाउन’ करावे असे म्हटले. म्हणजे सूत्रसंचालकाने सुचवलेला शब्द एक दिवस उशिरा आला. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसदेवर झालेल्या हल्ल्याच्या चौकशीत, २०२२ मध्ये, त्या गटाच्या एका माजी सदस्याने या वाक्यानंतर सदस्यसंख्या झपाट्याने वाढल्याचे सांगितले. मे २०२३ मध्ये गटाच्या प्रमुखासह चौघे राजद्रोही कटाच्या आरोपाखाली दोषी ठरले आणि जानेवारी २०२५ मध्ये, पुन्हा अध्यक्ष झालेल्या ट्रम्प यांच्या आदेशाने, ते तुरुंगाबाहेर आले.

हे वाक्य मराठीत आणताना ‘मागे व्हा आणि तयार राहा’ असे केले तर संदिग्धता संपते, कारण ‘तयार राहा’ हा उघड आदेश आहे. ‘मागे व्हा आणि थांबा’ असे केले तर तीच संदिग्धता दुसऱ्या बाजूने संपते, कारण आता त्यात आदेश उरलाच नाही. ‘थांबून राहा’ हा त्यातल्या त्यात जवळचा पर्याय म्हणता येईल, त्यात प्रतीक्षेची थोडी धग आहे. तरीही मराठी वाक्य इंग्रजी वाक्याइतके निसरडे होत नाही. अनुवादकाने अशा ठिकाणी मूळ शब्द देवनागरीत ठेवून त्याचे दोन्ही अर्थ द्यावेत हे अधिक प्रामाणिक ठरते. सुबोधतेसाठी एक अर्थ निवडणे म्हणजे वक्त्याच्या वतीने कबुली देणे किंवा त्याचा बचाव करणे होय.

साथ, पाठ आणि अंतर

निष्ठेचा अर्थ हा या वाक्प्रचाराचा सर्वांत लोकप्रिय अर्थ आहे आणि तो प्रामुख्याने गाण्यांतून पसरला. फिलाडेल्फियाचे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक चार्ल्स अल्बर्ट टिंडली यांनी १९०५ मध्ये ‘स्टँड बाय मी’ या नावाचे भक्तिगीत रचले. तेथे ही विनवणी ईश्वराला आहे. बेन ई. किंग यांचे याच नावाचे १९६१ मधील गीत त्या परंपरेतून आले, पण तेथे विनवणी प्रिय व्यक्तीला आहे. १९८६ मध्ये रॉब रायनर यांनी चार मुलांच्या मैत्रीवरील चित्रपटाला तेच नाव दिले. ईश्वर, प्रिया आणि मित्र यांना इंग्रजी एकाच शब्दात हाक मारू शकते. मराठीत हे शक्य नाही. ईश्वर ‘पाठीशी’ असतो. प्रिय व्यक्तीला ‘साथ सोडू नकोस’ असे म्हटले जाते. मित्र ‘सोबत’ असतो, वेळप्रसंगी ‘बाजूने’ उभा राहतो.

मराठीतील आधाराची कल्पना पाठीभोवती गुंफली गेली आहे हे लक्षणीय आहे. पाठीशी उभे राहणे, पाठराखण करणे, पाठीराखा, पाठबळ, पाठिंबा. माणसाला पुढचे दिसते, मागचे दिसत नाही, म्हणून जे दिसत नाही ते सांभाळणारा तो आधार, अशी ही प्रतिमा आहे. नववधू प्रथम सासरी जाताना तिच्याबरोबर पाठराखीण पाठवण्याची रीत महाराष्ट्रात होती आणि काही ठिकाणी अजून आहे. पाठराखीण काही करीत नाही. ती नुसती असते. परक्या घरात एक ओळखीचा चेहरा जवळ असावा एवढेच तिचे काम. इंग्रजी वाक्प्रचाराच्या निष्ठेच्या अर्थाला याहून चांगला मराठी प्रतिशब्द शोधूनही सापडणार नाही, परंतु तो कोणत्याही वाक्प्रचारांच्या यादीत दिसत नाही, कारण तो क्रियापद नसून माणूस आहे.

‘पाठीशी’ आणि ‘बाय’ यांत एक फरक राहतोच. पाठीशी असणारा मागे असतो, तर ‘बाय’ने दाखवलेला शेजारी असतो. हा फरक कधी निर्णायक ठरतो याचे उदाहरण अमेरिकेच्या राजकारणातच आहे. टॅमी वायनेट यांनी बिली शेरिल यांच्यासह १९६८ मध्ये ‘स्टँड बाय युवर मॅन’ हे गीत लिहिले आणि गायले. पतीच्या उणिवा जाणूनही त्याची साथ न सोडणाऱ्या स्त्रीचा तो पुरस्कार होता आणि स्त्रीवाद्यांना तो रुचला नाही. जानेवारी १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांच्यावर विवाहबाह्य संबंधांचे आरोप झाले तेव्हा हिलरी क्लिंटन यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत सांगितले की, आपण टॅमी वायनेटच्या गाण्यातल्यासारखी नवऱ्याला धरून राहणारी कोणी बापडी स्त्री नव्हे. हे त्या म्हणाल्या तेव्हा त्या पतीच्या शेजारी बसलेल्या होत्या आणि त्यांची साथ देत होत्या. वायनेट नाराज झाल्या आणि क्लिंटन यांनी दिलगिरी व्यक्त केली. कृती नाकारली गेली नव्हती, नाकारला गेला होता तो शब्द आणि त्याला चिकटलेले दुय्यमत्व. मराठीत ‘नवऱ्याच्या पाठीशी खंबीरपणे उभी’ असे म्हटले की हे दुय्यमत्व प्रतिमेतच, मागच्या जागेतच येते आणि म्हणून वादच उरत नाही. तो वाद मराठीत दाखवावयाचा तर ‘पाठीशी’ टाळून ‘धरून राहणे’ यासारखा, थोडा टोचणारा शब्द घ्यावा लागतो.

मराठीजवळ याच अर्थाचा एक विलक्षण नेमका प्रयोग आहे, तो म्हणजे ‘अंतर न देणे’. ‘मी तुला कधी अंतर देणार नाही’ या वाक्यात उभे राहणे नाही, पाठ नाही, शेजार नाही. दोघांमधील जागा वाढू न देणे एवढेच आहे. इंग्रजी ‘बाय’ सान्निध्य सांगतो, मराठी प्रयोग सान्निध्य टिकवण्याची जबाबदारी सांगतो. हा प्रयोग आजच्या लेखनात विरळ झाला आहे आणि त्याची जागा ‘साथ देणे’ने घेतली आहे. अनुवादकांनी तो पुन्हा वापरात आणावा असा आहे.

बघे आणि सोबती

‘बायस्टँडर’ हे नाम ‘स्टँड बाय’च्याच घटकांपासून, क्रम उलटवून, बनले आणि त्याच्या वाट्याला निष्क्रियतेचा अर्थ आला. मराठीत त्याला ‘बघ्या’ हा जहाल शब्द आहे. ‘बघ्याची भूमिका’ हा वृत्तपत्रीय प्रयोग तर आरोपपत्रासारखाच वापरला जातो. हा अर्थ विसाव्या शतकात बळकट झाला त्यात एका घटनेचा मोठा वाटा आहे. १३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या २८ वर्षांच्या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी दिली की, ३८ जणांनी हा प्रकार पाहिला आणि कोणीही पोलिसांना कळवले नाही. जगभर खळबळ उडाली आणि मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ही घटना कायमची जाऊन बसली.

पुढे झालेल्या अभ्यासांतून ती बातमी अतिरंजित असल्याचे स्पष्ट झाले. इतक्या लोकांनी संपूर्ण हल्ला पाहणे शक्यच नव्हते, बहुतेकांनी केवळ आवाज ऐकला होता. २०१६ मध्ये खुन्याचा तुरुंगात मृत्यू झाला तेव्हा त्याच वृत्तपत्राने आपल्या मूळ वार्तांकनातील दोष मान्य केला. सोफिया फॅरर नावाची शेजारीण तर धावत खाली गेली होती आणि मरणासन्न किटीला तिने आपल्या कुशीत घेतले होते. मूळ बातमीत तिला जागा नव्हती. ‘स्टँड बाय’ या शब्दांचा जो सर्वांत उजळ अर्थ आहे तो जगणारी ही स्त्री ‘बायस्टँडर’च्या कथेतून वगळली गेली होती, कारण ती असती तर कथा उभी राहिली नसती.

या घटनेने प्रेरित होऊन जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी केलेला प्रयोग १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या खोलीतील व्यक्तीला अपस्माराचा झटका आल्याचे सहभागी विद्यार्थ्याला ध्वनियंत्रणेवरून ऐकू येत असे. आपण एकटेच हे ऐकत आहोत असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जणांनी झटका चालू असतानाच मदत मागितली. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. या संशोधनातील आकडे नेहमी सांगितले जातात, एक निरीक्षण मात्र मागे पडते. जे उठले नाहीत ते उदासीन नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता, आणि झटका आलेली व्यक्ती ठीक आहे ना असे ते विचारीत होते. त्यांना ‘बघे’ म्हणणे अन्यायाचे आहे. ‘तटस्थ’ही ते नव्हते, कारण काठावर उभ्या असलेल्याला घाम फुटत नाही. काय करावे हे न सुचून जागच्या जागी खिळलेल्या या माणसासाठी मराठीत एक नाम नाही, आणि येथे ‘बायस्टँडर’चे मौन उपयोगी पडते असे मान्य करावे लागते. ‘बघ्या’ हा शब्द निवाडा आधी देतो आणि साक्ष नंतर घेतो.

हीच गोष्ट समुद्रावर पडताळता येते. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘कॅलिफोर्नियन’ हे जहाज हिमखंडांमुळे ‘टायटॅनिक’पासून काही मैलांवर थांबले होते. त्याचा बिनतारी यंत्रचालक झोपी गेला होता. त्यावरील अधिकाऱ्यांना आकाशात उडणारे अग्निबाण दिसले, पण जहाज जागचे हलले नाही. सुमारे ५८ मैलांवरून ‘कार्पेथिया’ आली आणि तिने सातशेहून अधिक लोकांना वाचवले. लॉर्ड मर्सी यांच्या चौकशीने १९१२ मध्येच ‘कॅलिफोर्नियन’ला दोष दिला. १९९२ मध्ये ब्रिटिश सागरी अपघात अन्वेषण विभागाने फेरविचार करून दोष कायम ठेवला, परंतु ते जहाज निघाले असते तरी वेळेत पोचले नसते असे मत दिले. जो जवळ होता तो उपयोगी पडला नाही आणि जो दूर होता तो पोचला. ‘बाय’ हे अंतराचे माप आहे, वृत्तीचे नव्हे, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

भारतीय इंग्रजीत ‘बायस्टँडर’ने वेगळेच वळण घेतले आहे, आणि मराठी अनुवादकाचा खरा प्रश्न तेथे सुरू होतो. रस्ते अपघातातील जखमींना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मे २०१५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये त्यांना बंधनकारक स्वरूप दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आले. २०१५ च्या तत्त्वांमध्ये जखमीला जवळच्या रुग्णालयात नेणाऱ्या व्यक्तीचा उल्लेख ‘बायस्टँडर ऑर गुड समॅरिटन’ असा आहे. मदत करणारा आणि जवळ असलेला यांना येथे एका ओळीत बसवले आहे. जो माणूस रक्तबंबाळ जखमीला रिक्षात घालून नेतो त्याला मराठी मसुद्यात ‘बघ्या’ म्हणता येणार नाही. ‘प्रत्यक्षदर्शी’ म्हणता येणार नाही, कारण त्याने अपघात पाहिलेला असेलच असे नाही, आणि तत्त्वांनी प्रत्यक्षदर्शीवर पत्ता देण्याचे वेगळे बंधन घातले आहे. ‘वाटसरू’ सुंदर आहे, पण शेजारचा दुकानदार वाटसरू नसतो. ‘घटनास्थळी उपस्थित व्यक्ती’ हा प्रयोग लांबट असला तरी अचूक आहे, आणि ‘उपस्थित’ या शब्दाला जी सेवेची जुनी छटा आहे ती येथे आपोआप कामी येते.

केरळमध्ये तर रुग्णालयांत ‘बायस्टँडर’ म्हणजे रुग्णाजवळ रात्रंदिवस राहणारा नातेवाईक किंवा सोबती. तेथील रुग्णालयाच्या नियमांत त्याचा उल्लेख असतो. ब्रिटिश किंवा अमेरिकन वाचक तो वाचून गोंधळेल, कारण त्याच्या भाषेत रुग्णापाशी बघ्याने बसावे असा त्याचा अर्थ होतो. वास्तविक केरळी वापरात वाक्प्रचाराचा मूळ, निष्ठेचा अर्थच नामात परत आला आहे. महाराष्ट्रातील रुग्णालये त्याच व्यक्तीला ‘रुग्णासोबतचे नातेवाईक’ म्हणतात आणि घरोघरी त्यासाठी अधिक लहान शब्द आहे. दवाखान्यात आज सोबतीला कोण, असे विचारले जाते.